डावीकडचा ब्रेक

मेश्रामकाका गेल्याची बातमी मला गाडीत कळली. गाडी उभी होती. खराडीला आमच्या ऑफिसच्या तळघरात, माझ्या ठरलेल्या खांबाशेजारी, इंजिन बंद करून मी बसले होते. रोज पोचल्यावर मी अशी दहा मिनिटं बसते. वाघोलीपासून इथवर डोक्यात जमा झालेले हॉर्न, समोरच्यांचे लाल दिवे, कट मारून गेलेल्या दुचाक्या, हे सगळं निवायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी कोणी नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणालं तरी ते अंगावर येतं. त्या दहा मिनिटांत एका अनोळखी नंबरवरून दोनदा फोन वाजला. अनोळखी नंबर मी उचलत नाही. मग मेसेज आला. 'मी रोशनी, मेश्रामांची मुलगी. पप्पा आज पहाटे गेले. हार्ट अटॅक. अकरा वाजता नेणार आहोत. तुम्हाला कळवावंसं वाटलं.' मी तो तीनदा वाचला आणि उत्तर पाठवलं, 'ओके'. पाठवल्यावर लक्षात आलं की हे काही उत्तर नव्हे. पण दुसरं काय लिहायचं ते सुचेना... आणि तोवर दहा मिनिटं संपली होती.

मेश्रामकाकांनी मला गाडी चालवायला शिकवली. एवढंच सांगितलं तर खोटं ठरणार नाही, पण ते फार अपुरं होईल. लायसन्स मिळाल्यानंतरही तीन वर्षं ते रोज माझ्या डावीकडे बसून वाघोली ते खराडी आणि परत असा प्रवास करत होते. त्या तीन वर्षांत मी जेवढी त्यांच्याशी बोलले, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कोणाशी बोललेली नाही. आणि गेले सतरा महिने मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. हे दुसरं वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

मला ऑटिझम आहे. हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं, म्हणजे पस्तीस वर्षं मी तशीच वागत होते आणि लोक मला शिष्ट, तिरसट, चक्रम वगैरे म्हणत होते. पुण्यात अशी माणसं बरीच असल्यामुळे कोणाला फारसा संशय आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी मंडईजवळच्या आमच्या घरी जाऊन आईला ते जसंच्या तसं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. म्हणजे आता नाव कळलं. जेवून जाणार आहेस ना?" लहानपणी हीच आई मला भाजी घ्यायला मंडईत न्यायची तेव्हा मी तिच्या पदरात तोंड खुपसून चालायची. ओरडणारे भाजीवाले, ओल्या पोत्यांचा वास, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लागणारे कोपर... प्रत्येक गोष्ट सारख्याच मोठ्या आवाजात माझ्यापर्यंत पोचायची आणि त्यातलं महत्त्वाचं कोणतं ते मला निवडता यायचं नाही. अजूनही येत नाही. नोकरीसाठी मी वाघोलीला एकटी राहायला गेले तेव्हा बस आणि शेअर रिक्षा यांनी मला महिन्याभरात आजारी पाडलं. शेजारच्या अनोळखी माणसाची मांडी माझ्या मांडीला चिकटलेली असताना मला श्वास घेता येत नसे. ऑफिसला पोचेपर्यंत माझा दिवस संपलेला असायचा. मला दारं लागतील अशी एक खोली हवी होती, जी मला घरापासून ऑफिसपर्यंत नेईल. म्हणून मी गाडी शिकायचं ठरवलं.

पहिल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी तीन दिवस टिकले. तिथले सर चांगले असावेत, पण ते एकाच वेळी तीन गोष्टी सांगायचे आणि चौथी स्वतःच करून टाकायचे. मध्येच माझ्या हातावर हात ठेवून स्टिअरिंग वळवायचे, आणि न सांगता त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायचे. शिकवायच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो, हे ज्यांनी कधी शिकताना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाडी मी चालवते आहे आणि ती आपली आपण थांबते, याने मी इतकी घाबरायची की तिसऱ्या दिवशी भर चौकात हँडब्रेक ओढून खाली उतरले आणि चालत घरी आले. मागून कोणीतरी विचारलं, 'मॅडम, गाडी दान केली का?' विनोद मला साधारण अर्ध्या तासाने कळतात. हा घरी पोचल्यावर कळला.

वाघोलीत, आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्याला, मेश्रामकाकांचं एका गाडीचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले आणि नगर रस्त्यावरच्या एका कारखान्याची कामगारांची बस त्यांनी तीस वर्षं चालवली. निवृत्तीनंतर हे शिकवणं सुरू केलं होतं. मी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर तीन नियम लिहिले होते. मला हात लावायचा नाही. ओरडायचं नाही. ब्रेक दाबण्याआधी 'ब्रेक' असं म्हणायचं, मगच दाबायचा. खाली मला काय आहे तेही एका ओळीत लिहिलं होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद दोनदा वाचला आणि घडी करून समोरच्या कप्प्यात ठेवला. म्हणाले, "हे तर सगळ्यांसाठीच पाहिजे ना, ताई." माझ्या ऑटिझमविषयी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नसावं, असं मी तेव्हा समजले.

त्यांनी मला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट चाकाची. आपल्याकडे रस्ता नियमांवर चालत नाही, नजरेवर चालतो. रिक्षावाला एक क्षण तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे बघता, आणि कोणी आधी जायचं ते ठरून जातं. बाकीच्यांना हे जन्मतः येतं. मला तोंडावरून काही वाचता येत नाही; उलट तोंडाकडे पाहिलं की मला दुसरं काही दिसेनासं होतं. मी चौकात नुसती उभी राहायची आणि मागची रांग वाढत जायची. आठवडाभर हे पाहून मेश्रामकाका म्हणाले, "तोंडाकडे पाहूच नका, ताई. चाकाकडे पाहा. माणूस हात दाखवीन एकीकडे अन् जाईन दुसरीकडे. पुढचं चाक जिकडं वळलं, गाडी तिकडंच जाते." मग आम्ही दोन दिवस गाडी चालवलीच नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून नुसती चाकं पाहिली. ते विचारायचे, हा टेम्पो कुठे जाईल? मी चाक पाहून सांगायची, आणि टेम्पो तिकडेच जायचा. मला आठवतं, दुसऱ्या दिवशी दुपारी मला रडू आलं होतं. इतकी वर्षं सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पहिल्यांदाच मलाही आधी कळत होती.

लायसन्स मिळालं, मी जुनी पांढरी गाडी घेतली, आणि पहिल्याच सकाळी किल्ली फिरवून पुन्हा बंद केली. डावीकडे ब्रेक नव्हता. मी चालवू शकते हे मला माहीत होतं. पण मी चुकले तर काय, याचं उत्तर गाडीत नव्हतं. मी गॅरेजमध्ये जाऊन तसा ब्रेक बसवून घेतला. गॅरेजवाल्याने ड्रायव्हिंग स्कूल काढताय का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. त्याच सुमारास मेश्रामकाकांनी त्यांचं स्कूल बंद केलं होतं. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या, आणि त्यांची मुलगी रोशनी खराडीला, माझ्या ऑफिसपासून थोड्याच अंतरावर राहायची. नातीला सांभाळायला त्यांना रोज तिकडे जायचंच होतं. तेव्हा ठरलं की सकाळी साडेआठला ते माझ्या गाडीत डावीकडे बसतील आणि संध्याकाळी पाचला परत येतील. त्यांचा पाय त्या ब्रेकच्या वर असायचा, मांडीवर पेपर असायचा. मी कानात बोळे घालायची, कारण हॉर्नचा आवाज मला दुखतो. तेव्हा डोळे माझे आणि कान त्यांचे अशी वाटणी होती. 'मागून अँब्युलन्स' किंवा 'डावीकडून बुलेट' एवढंच ते, बोळ्यांतूनही ऐकू येईल असं सावकाश आणि स्पष्ट म्हणायचे. तीन वर्षांत 'ब्रेक' हा शब्द त्यांनी मोजून चार वेळा उच्चारला.

आणि त्या गाडीत मी त्यांना माणसं विचारायची. म्हणजे असं, की ऑफिसात दिवसभर लोक जे बोलतात त्याचा अर्थ मला संध्याकाळी पाचला कळायचा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम आहे आणि ते मला उत्तम येतं. पण चूक दाखवली की माणूस का दुखावतो ते येत नाही. साहेब 'बघूया' म्हणाले, मी रोज जाऊन विचारलं की बघितलं का. मेश्रामकाकांनी सांगितलं की बघूया म्हणजे नाही. शेजारच्या टेबलावरची बाई 'या की एकदा घरी' म्हणाली आणि मी शनिवारी खरोखरच गेले, त्याची हकिगत ऐकून ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "आमच्या भंडाऱ्यात बोलावलं म्हणजे जेवूनच जा लागते. तुमच्या पुण्याचं काही सांगता येत नाही बाप्पा," असं म्हणून त्यांनी मला एक हिशेब समजावून दिला: वार आणि वेळ सांगितली असेल तरच ते आमंत्रण. मी तो वहीत लिहून ठेवला. अशी ती वही भरत गेली. ते कधी अंदाजाने सांगत नसत. माहीत नसेल तर म्हणायचे, मी त्या माणसाला पाहिलं नाही, ताई, कसं सांगू? मला त्यांचा विश्वास वाटायचा तो यामुळे. आणि का लपवू, मी त्यांना फार जीव लावला होता.

मागच्या वर्षी मार्चमध्ये, सकाळी, खराडी बायपासच्या अलीकडे एक टेम्पो काही न दाखवता कडेने उलटा रस्त्यावर आला. गाडी हातभर अंतरावर थांबली. मी मेश्रामकाकांना म्हटलं की तुम्ही 'ब्रेक' म्हणाला नाहीत, पण या वेळी चालेल, थँक यू. ते माझ्याकडे पाहून हसत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी कुठला ब्रेक मारतो, ताई? या बाजूचा ब्रेक तर दिवाळीतच काढला मी. सर्व्हिसिंगला गाडी नेली होती ना, तेव्हा. साडेतीन महिने झाले, तुमची तुम्हीच चालवून राहिल्या."

मी गाडी कडेला घेतली. त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं, पण आता हसू कमी झालं होतं. मी वाकून पाहिलं. पायाखालचं पेडल होतं, त्याला खालून जोडणारी सळई नव्हती. साडेतीन महिने ते रोज त्या पेडलवर पाय ठेवून बसत होते. खाली काही नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

ज्यांना यात रागावण्यासारखं काही दिसत नाही, त्यांना माझी बाजू कितपत सांगता येईल कोण जाणे. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्या सगळ्यांना ही गोष्ट गोड वाटली. तुला एकटीला येतं हे त्यांनी दाखवून दिलं, असं आई म्हणाली. पण मला लोकांच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून काही कळत नाही. मला फक्त सांगितलेलं कळतं. जे सांगितलं जातं त्याच्यावरच मी पाय टाकते, दुसरी जागाच नाही मला. तुमच्याशी कोणी खोटं बोललं तर तुमच्याकडे तपासायची दहा साधनं असतात. माझ्याकडे त्या माणसाचा शब्द असतो. आणि ज्या एका माणसाच्या शब्दाची मी कधी परीक्षा केली नव्हती, तो रोज सकाळी साडेआठला माझ्याशेजारी बसून खोटं वागत होता... मी तेव्हा त्यांच्याशी यातलं काहीच बोलले नाही. मी म्हटलं, "खाली उतरा."

ते म्हणाले, "ताई, ऐका तर."

मी पुन्हा तेच म्हटलं. ते उतरले. दार हळूच लावलं, कारण दार आपटलेलं मला चालत नाही. अडुसष्ट वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस, वर ऊन चढत होतं आणि तिथून रोशनीचं घर चांगलं दोन किलोमीटर. मी आरशात पाहिलं नाही. ऑफिसपर्यंत गाडी एकटीने चालवली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि खांबाशेजारी लावली. त्यानंतर अकरा दिवस ती गाडी तिथेच होती, कारण मला तिला हात लावता येईना. बाराव्या दिवशी मेकॅनिकला तिथे बोलावलं आणि डावीकडचा ब्रेक पुन्हा जोडून घेतला. डावीकडे कोण बसणार, असं त्याने विचारलं. कोणी नाही, मी म्हटलं. मग कशाला? तुम्ही जोडा. त्याने जोडला आणि जाताना म्हणाला, "बरंय मॅडम, रिकाम्या सीटला ब्रेक मारायची इच्छा झालीच तर सोय आहे." मी त्या रिकाम्या सीटच्या ब्रेकच्या भरवशावर सतरा महिने गाडी चालवली.

मेश्रामकाकांनी आठवडाभर फोन केले. मी उचलले नाहीत. एकदा सोसायटीच्या गेटपर्यंत आले आणि वॉचमनने खालून विचारलं तेव्हा मी घरी नाही असं सांगायला लावलं. खोटं बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा देताना मी स्वतः खोटं बोलले, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्यानंतर ते थांबले. कधीकधी सकाळी मला ते बसस्टॉपवर दिसायचे, काखेत पेपर. मी पुढे पाहत निघून जायची. बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळत असेल का, हा विचार डोक्यात यायचा आणि मी त्याला बाजूला सारायची.

मग मी जे केलं ते मलाच शक्य होतं. मी वही काढली आणि मेश्रामकाकांनी त्या वर्षांत मला सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासायला घेतली. एक खोटं सापडलं की बाकीचं सगळं पुन्हा तपासायचं, ही माझ्या कामाची पद्धत आहे. चाकाचं खरं निघालं. 'बघूया' खरं निघालं, दोन साहेबांवर तपासून. आमंत्रणाचा नियम, दुकानदार 'घरचंच समजा' म्हणतो तेव्हा काय समजायचं, कोणी रडत असेल तर पाणी द्यायचं आणि बोलायचं नाही, हे सगळं एकेक करत पाहिलं. वर्ष गेलं त्यात. वहीत ब्रेक सोडून एकही गोष्ट खोटी नव्हती. मग जूनमध्ये मी मेसेज लिहिला: 'काका, ब्रेकचं तुम्ही खोटं बोललात. बाकी सगळं खरं होतं, मी पाहिलं. मी तुम्हाला रस्त्यात उतरवलं ते फार वाईट केलं. सोमवारपासून साडेआठला घ्यायला येऊ का?' मेसेज चांगला होता. पण 'फार वाईट' लिहावं की 'चूक', हे ठरेना. कधी वाटायचं सोमवार नको, मंगळवार बरा. पाठवायच्या बटणाजवळ अंगठा नेऊन मी रोज उद्यावर ढकलत होते. दोन महिने तो मेसेज फोनमध्ये पडून राहिला. ऑगस्टमध्ये रोशनीचा आला.

त्या दिवशी ऑफिसातून मी गाडी फिरवून वाघोलीला गेले खरी, पण मेश्रामकाकांच्या घरात गेले नाही. दारात खूप माणसं होती, बायकांच्या रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून राहिले. त्यांना नेलं तेव्हा मागोमाग गेले, स्मशानाबाहेरही गाडीतच बसले, सगळे परतले तशी परतले. मला कोणी पाहिलं नाही. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि मला एकटेपणाची सवय आहे.

मेश्रामकाकांसाठीच्या जलदान विधीचं बोलावणं मात्र रोशनीने वार आणि वेळ घालून पाठवलं: रविवार, सकाळी दहा. म्हणजे ते आमंत्रण होतं. मी गेले. घरासमोर मांडव होता, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, टेबलावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या आणि मेश्रामकाकांचा चष्मा घातलेला फोटो. वंदना झाली. मी अगदी मागे, दाराजवळ, निघता येईल अशा जागी उभी होते. तिथे रोशनीने मला शोधून काढलं. मी तिला याआधी दोन-तीनदाच पाहिलं होतं. तिने मला हात लावला नाही. तिला ते कोणीतरी सांगून ठेवलं असणार. ती वळून सगळ्यांना म्हणाली, "याच त्या. पप्पांच्या ताई." आणि मांडवातली अनोळखी माणसं एकदम माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हो का, पेढेवाल्या ताई! मला काही कळलं नाही. तेव्हा रोशनीने सांगितलं. मागच्या मार्चमध्ये एके दिवशी पप्पा उन्हातून चालत घरी आले, घामाघूम, हातात पेढ्यांचा पुडा. नातीला दिला, शेजाऱ्यांना दिला, संध्याकाळी इकडे वाघोलीत येऊन गल्लीत वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, आमच्या ताई आजपासून एकट्याच गाडी चालवतात, आता माझी गरज नाही.

एक-दोघांनी मेश्रामकाकांबद्दल भाषणं केली. मग रोशनी माझ्याकडे आली, म्हणाली, ताई, दोन शब्द बोला ना तुम्ही. मी पुढे गेले. माझ्यासमोर माइक होता, तो शिट्टीसारखा वाजत होता. मी म्हटलं, "मेश्रामकाकांनी मला गाडी शिकवली." आणि थांबले. पुढचं वाक्य खरं असायला हवं होतं, आणि खरं वाक्य त्या मांडवात म्हणता येईना. लोकांना वाटलं मला भरून आलंय. तेही होतंच. मी खाली आले.

जेवणं झाल्यावर रोशनीला खराडीला जाऊन नातेवाइकांसाठी काही सामान आणायचं होतं. मी म्हटलं, मी सोडते. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला आपण होऊन गाडीत बसवलं. ती डावीकडे बसली, खालचं पेडल पाहिलं आणि अंग चोरून पाय मागे घेतले. याला पाय लागला तर काय होईल, तिने विचारलं. गाडी थांबेल, मी सांगितलं, जोडलेला आहे. मग नगर रस्त्याला लागल्यावर, पुढचं पाहत, मी तिला सगळं सांगितलं. दिवाळीतली सळई, टेम्पो, बायपासच्या अलीकडची ती जागा. "ते आपण होऊन उतरले नाहीत," मी म्हटलं. "मी उतरवलं. रागाने. त्यानंतर त्यांच्याशी कधीच बोलले नाही. तुमच्याकडे सगळे मला जी समजतात, ती मी नाही." हे सांगितल्यावर ती गाडी थांबवायला सांगेल, असं मी धरून चालले होते. तिने तसं सांगितलं असतं तर मी थांबवली असती. सिग्नल लागला. रोशनीने तोंड खिडकीकडे वळवलं. रडत असावी असं मला वाटलं, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली, पण प्यायली नाही.

"मग पेढे का आणले त्यांनी?" तिने विचारलं.

मी सांगितलं, मला माहीत नाही.

आणि ते खरं आहे. गेले काही आठवडे मी हाच प्रश्न घेऊन रोज सकाळी साडेआठला निघते. माझी बदनामी होऊ नये म्हणून त्यांनी आणले? की मी एकटी गेले याचा त्यांना खरोखरच आनंद झाला होता, मी हाकलून दिल्यावरही? ब्रेक नसताना ते साडेतीन महिने माझ्याशेजारी का बसत राहिले, माझ्यासाठी की त्यांना बसायचं होतं म्हणून? आई म्हणते, एवढं काय, सरळ आहे. ऑफिसातली बाई म्हणते, ऑब्व्हियस आहे. दोघींची उत्तरं वेगळी आहेत. मला असल्या गोष्टींचा अंदाज बांधता येत नाही, कोणीतरी सांगावं लागतं. माणसं जे करतात ते का करतात, हे मी आजवर एकाच माणसाला विचारत आले.